पाण्याच्या कूलरचा मॅश टन, आधणापासून निवळीपर्यंत

घरी बिअर करायला घेतली की बहुतेक लोक सुरुवात करतात ती डब्यातल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली आणि हा तिचा अर्क. काकवीसारखा घट्ट पाक असतो तो, पाण्यात विरघळवायचा, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून तासभर उकळायचा, गार करून यीस्ट टाकायचं, झालं. मी पण इथे न्यू जर्सीत आल्यावर दोन वर्षं तेच करत होतो आणि बिअर वाईट होत नव्हती अजिबात. पण तो पाक दुसऱ्या कुणीतरी धान्यापासून काढून, आटवून, डब्यात भरून दिलेला असतो, म्हणजे बिअर किती गोडसर राहणार, किती कोरडी होणार, अंगाला किती जड होणार हे बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं. ते स्वतः ठरवायचं असेल तर धान्यापासून सुरुवात करावी लागते, त्यालाच ऑल-ग्रेन म्हणतात, आणि त्यासाठी जे एक जास्तीचं भांडं लागतं ते म्हणजे मॅश टन. टन म्हणजे इथे वजन नाही हं, मोठ्या पिंपाला इंग्रजीत जुना शब्द आहे तो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण हे भारतातूनही वाचलं जाईल. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर आणि बंदी उठवणारा कायदा झाला आणि १९७९ पासून घरी बिअर करायला मोकळीक मिळाली, एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, विकायची मात्र नाही. राज्यांचे कायदे वेगळे होते, शेवटची दोन राज्यं, मिसिसिपी आणि अलाबामा, २०१३ मध्ये तयार झाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि लायसन्सशिवाय घरी दारू गाळणं काय, बिअर करणं काय, गुन्हाच आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मंडळींनी हे समजून घेण्यासाठी वाचावं, आणि जिथे कायदा परवानगी देतो तिथे राहणाऱ्यांनी करून बघावं.

आता मॅश म्हणजे नक्की होतं काय. हे मला पुस्तकं वाचून जेवढं नाही कळलं तेवढं आईशी फोनवर बोलताना कळलं. मी तिला सांगत होतो की बार्लीला भिजवून मोड आणतात, मग वाळवतात, मग भरडतात आणि गरम पाण्यात घालतात, तर ती म्हणाली, "अरे मग हे नाचणीचं सत्त्वच की!" आणि खरंच तसंच आहे. नाचणीला मोड आणून, सुकवून, दळून, वस्त्रगाळ करून आपण लहान बाळाला देतो, आणि घरात ज्यांनी ती पेज केलीय त्यांना माहिती असेल की मोड आलेल्या नाचणीच्या पिठाची पेज साध्या पिठासारखी घट्ट होत नाही, पातळ राहते आणि चवीला थोडी गोड लागते. ते का, तर दाण्याला मोड येताना त्याच्यात अमायलेज नावाची एन्झाइम्स तयार होतात, दाण्यात साठवलेल्या स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर बनवणं हे त्यांचं काम, कारण कोवळ्या कोंबाला खायला साखर लागते. आपण त्या कोंबाला वाढू देत नाही, मोड आला की दाणा वाळवून टाकतो, कोंब थांबतो पण एन्झाइम्स तशीच आत झोपून राहतात. त्यांना पुन्हा गरम पाणी मिळालं की ती उठतात आणि उरलेल्या स्टार्चवर काम सुरू करतात. मॅश म्हणजे एवढंच. भरडलेलं माल्ट, ठराविक गरम पाणी आणि साधारण एक तास. त्यातून जे गोड पाणी निघतं त्याला वर्ट म्हणतात, आणि यीस्टला खायला तेच पाहिजे असतं.

सगळं अडतं ते "ठराविक गरम" या दोन शब्दांपाशी. आपल्या कामाची एन्झाइम्स दोन आहेत. बीटा अमायलेजला साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअस मानवतं, ते स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोजचे छोटे तुकडे तोडत जातं, आणि ही साखर यीस्ट सगळी फस्त करतं. अल्फा अमायलेजला थोडी जास्त गरमी आवडते, ६८ ते ७२ च्या आसपास, ते साखळी मधूनच कुठेही तोडतं, त्यामुळे काही तुकडे मोठे राहतात जे यीस्टला खाता येत नाहीत आणि ते बिअरमध्ये तसेच उरतात, त्यानेच बिअरला तोंडात भरलेपणा येतो. म्हणजे ६४ ला मॅश केलं तर बिअर हलकी, कोरडी, आणि ६९ ला केलं तर तीच रेसिपी भरदार. बहुतेक लोक ६६-६७ धरतात, दोघांनाही काम करता येतं. फार वर गेलात, ७५ च्या पुढे, तर एन्झाइम्स कायमची मरतात, अंडं उकडलं की परत कच्चं होत नाही तसं, आणि मग कितीही वेळ थांबा, उपयोग नाही. फार खाली राहिलात तर बार्लीचा स्टार्च नीट फुगून मऊच होत नाही, एन्झाइम्सना हाताशी काही लागत नाही.

तर मॅश टनाची कामं फक्त दोन. एक, तासभर ते तापमान धरून ठेवणं. दोन, तास झाला की गोड पाणी खालून काढून देणं आणि चोथा आत ठेवणं. जे भांडं ही दोन कामं करतं तो मॅश टन, मग ते शेकडो डॉलर्सचं चकचकीत स्टील असो नाहीतर पिकनिकला सरबत न्यायचा कूलर. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे, आणि पैसे वाचतात एवढंच त्याचं कारण नाही. कूलर बनवलेलाच असतो उष्णता अडवायला, थंड आत ठेवणं आणि गरम आत ठेवणं त्याच्या दृष्टीने एकच. स्टीलचं भांडं सुंदर असतं पण त्याला वेगळं गुंडाळावं लागतं किंवा खालून सारखं गरम करत बसावं लागतं.

कूलर दोन प्रकारचे चालतात. एक तो केशरी रंगाचा उंच गोल, खेळाच्या मैदानावर पाण्याला ठेवतात तो, आणि दुसरा आडवा चौकोनी, चाकांचा किंवा बिनचाकांचा. गोलात धान्याचा थर जाड बसतो, त्यामुळे गाळणं छान होतं. चौकोनीही तितकाच चालतो, डेनी कॉन नावाचे ओरेगनचे एक जुने होमब्रूअर आहेत त्यांनी साध्या चौकोनी कूलरवर आणि नळाच्या जाळीवर शेकडो बॅचेस केल्या आणि ती पद्धत अख्ख्या अमेरिकेत पोचवली. साइजच्या बाबतीत माझं ऐका, ५ गॅलनचा घेऊ नका, १० गॅलनचा घ्या, म्हणजे ३८ लिटर. १९ लिटर बिअरसाठी साधारण साडेचार किलो माल्ट लागतं, त्याला किलोला ३ लिटर धरलं तर साडेतेरा लिटर पाणी, आणि भिजलेलं एक किलो धान्य साधारण पाऊण लिटरच्या आत-बाहेर जागा खातं, म्हणजे सगळं मिळून साडेसोळा लिटर झालंच. ५ गॅलनचा कूलर १९ लिटरचा, मावतं पण ढवळताना हात आखडता घ्यावा लागतो, आणि पुढे कधी जरा तगडी बिअर करायची म्हटली की जागाच नाही.

आता जोडकाम. कूलरचा प्लॅस्टिकचा नळ आतून नट फिरवून काढायचा, तिथे एक भोक मोकळं होतं. त्या भोकातून अर्ध्या इंची स्टेनलेसचा छोटा थ्रेडेड पाइप, ज्याला निपल म्हणतात तो, आरपार जातो, बाहेर बॉल व्हॉल्व्ह आणि आत गाळणी. प्लंबिंगच्या दुकानात हे सगळं मिळतं. पितळेचं घेतलं तरी चालतं पण पितळेत थोडं शिसं असतं, म्हणून मी दोन पैसे जास्त देऊन स्टेनलेस घेतलं. प्रत्येक थ्रेडला टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे, थ्रेड ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर आवळताना गोळा होऊन बाहेर येते.

इथे एका गोष्टीवर थांबतो कारण बहुतेकांचं इथेच गळतं. कूलरची भिंत ही दुहेरी असते, आत एक प्लॅस्टिकचा पत्रा, बाहेर एक, आणि मध्ये फोम. पाणी अडवायचं आहे ते आतल्या पत्र्यापाशी, बाहेरच्या नाही. सिलिकॉनची रिंग आतल्या बाजूने भिंतीला चिकटून बसली पाहिजे, तिच्यामागे स्टीलचा रुंद वॉशर, मग नट. मी पहिल्यांदा रिंग बाहेरच्या बाजूला लावली होती, बाहेरून एक थेंब गळत नव्हता, मी खूश, पण पाणी भोकाच्या कडेने भिंतीच्या आत फोममध्ये जात होतं आणि तिथे साठून आठ दिवसांनी त्याला असा आंबूस वास सुटला की तो कूलर टाकून द्यावा लागला. गोड वर्ट फोममध्ये मुरलं की ते धुता येत नाही. आणि नट फार आवळू नका, प्लॅस्टिक मऊ आहे, दबून वाकडं होतं आणि रिंग एका बाजूने उघडी पडते. हाताने घट्ट आणि मग पान्याने पाव फेरा, बस्स.

गळतीची टेस्ट गरम पाण्याने करायची, ७० अंशाच्या. गार पाण्याला कोरडा राहिलेला जोड गरम पाण्याला गळू शकतो कारण प्लॅस्टिक गरम झालं की थोडं फुगतं आणि नरम पडतं. अर्धा तास भरून ठेवा आणि बाहेर जोडाच्या खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवा, एक थेंब पडला तरी डाग दिसतो.

मग आतली गाळणी. पर्याय तीन आहेत, फॉल्स बॉटम म्हणजे भोकं पाडलेली स्टीलची थाळी, तांब्याच्या पाइपला खालून करवतीने चिरा पाडून केलेली चौकट, आणि बेसिनखाली नळाला जोडतात त्या पाइपवरची स्टीलची विणलेली जाळी. मला जाळी आवडते, स्वस्त आहे, आणि अर्ध्या तासात होते. नवीन पाइप आणायचा, अर्थातच, दोन्ही टोकं हॅकसॉने कापायची, मग जाळी दोन्ही बाजूंनी मध्याकडे ढकलायची म्हणजे ती फुगते आणि सैल होते, आणि आतला रबरी पाइप पायजम्यातली नाडी ओढावी तसा अलगद बाहेर येतो. हाताला बारीक तारा टोचतात, जाड हातमोजे घाला. एक टोक दोन घड्या घालून पक्कडीने दाबून बंद करायचं, दुसरं व्हॉल्व्हच्या आतल्या तोंडावर चढवून क्लॅम्प लावायचा. घेताना एवढं बघा की ती खरंच स्टेनलेसची आहे, कारण हल्ली चंदेरी रंगाच्या प्लॅस्टिकची वीण पण मिळते आणि ती गरम पाण्यात लोळागोळा होते. आणि जाळीच्या आत तांब्याच्या किंवा स्टीलच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं करून घाला. पाच किलो ओलं धान्य वर बसलं की नुसती जाळी चपटी होते आणि प्रवाह बंद पडतो, तारेने ती गोल राहते.

पण लक्षात घ्या, खरी गाळणी ही जाळी नाहीच. खरी गाळणी म्हणजे बार्लीचं टरफल. जाळी फक्त टरफलांना अडवते, आणि एकदा टरफलं तिच्यावर रचून बसली की ती बारीक पीठ अडवतात, विहिरीच्या तळाशी वाळू-खडीचा थर असतो तसं. म्हणून भरड कशी आहे ह्याला महत्त्व आहे. दाणा आतून तीन-चार तुकडे व्हावा, पण टरफल शक्यतो अख्खं राहावं. मिलच्या दोन रोलरमधलं अंतर साधारण १ मिलिमीटर ठेवतात. मिक्सरमधून काढू नका, त्याने टरफलाचंही पीठ होतं, मग तळाशी चिकट लगदा बसतो आणि व्हॉल्व्ह उघडला तरी थेंब येत नाही. गहू किंवा ओट्स जास्त असलेल्या रेसिपीत टरफल मुळातच कमी असतं, तेव्हा मूठ-दोन मूठ भाताचं तूस मिसळतात. इथे होमब्रूच्या दुकानात तूस पिशवीत भरून विकत मिळतं, आमच्या कोकणात गिरणीच्या मागे त्याचे ढीग पडलेले असायचे, तेच ते.

भांडं तयार झालं की लगेच बिअर करायला बसू नका. एक रविवार नुसत्या पाण्यावर घालवा. कूलर ६७ अंशाच्या पाण्याने जेवढा मॅश असणार तेवढाच भरायचा, झाकण लावायचं, आणि तासाने पुन्हा थर्मामीटर बुडवायचा. माझा कूलर तासाला एक अंशाच्या आसपास गमावतो, आणि त्यातलं बरंचसं वरून जातं, कारण भिंतीत फोम असला तरी बऱ्याच कूलरच्या झाकणात नुसती पोकळी असते. म्हणून मी वरून जुनी गोधडी टाकतो. थंडीत विरजण लावलेलं पातेलं आई गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची तीच युक्ती, आणि चालते ती. ह्याच टेस्टमध्ये व्हॉल्व्ह उघडून सगळं पाणी काढा आणि शेवटी आत किती उरतं ते मापून ठेवा, अर्धा लिटर असेल, लिटर असेल, ते दर वेळी हिशोबात धरावं लागतं. थर्मामीटरही उकळत्या पाण्यात आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासून घ्या, दोन अंश चुकीचा दाखवणारा थर्मामीटर तुम्हाला वर्षभर वेगळीच बिअर करायला लावेल.

आता आधण. मराठीत ह्याला इतका चपखल शब्द आहे की इंग्रजी स्ट्राइक वॉटर म्हणायची गरजच नाही, तापवलेलं पाणी ज्यात धान्य वैरायचं ते आधण. भाताला आधण उकळीचं असलं की झालं, इथे मात्र अंशाचा हिशोब, कारण धान्य थंड असतं आणि ते पाण्यातली उष्णता ओढून घेतं. म्हणजे ६७ हवं असेल तर पाणी त्याच्यापेक्षा गरम घ्यायचं. किती गरम, त्याचं साधं गणित आहे. हवं असलेलं तापमान वजा धान्याचं तापमान, त्याला ०.४१ ने गुणायचं, आणि एका किलोला किती लिटर पाणी घेताय त्याने भागायचं, जे येईल ते हव्या असलेल्या तापमानात मिळवायचं. धान्य घरात २० अंशावर आहे, हवेत ६७, किलोला ३ लिटर. ६७ वजा २० म्हणजे ४७, गुणिले ०.४१ म्हणजे साधारण १९.३, भागिले ३ म्हणजे ६.४. आधण झालं ७३.४ अंशाचं.

पण ह्या गणितात कूलर स्वतः किती उष्णता पितो ते नाही, आणि मी तिथेच फसलो. जानेवारी महिना, माल्टची गोणी गॅरेजमध्ये, कूलर पण गॅरेजमध्ये, बाहेर बर्फ. मी २० अंश धरून ७३ चं पाणी ओतलं, धान्य वैरलं, ढवळलं, थर्मामीटर घातला तर ६२. नंतर बसून हिशोब केला तेव्हा कळलं की धान्य ४ अंशावर होतं, त्याचे दोनेक अंश गेले, आणि उरलेले त्या गार प्लॅस्टिकने खाल्ले. हाताशी उकळतं पाणी ठेवलेलं नव्हतं, म्हणून मॅश तसाच तासभर राहिला. बिअर प्यायलायक झाली पण एकदम पातळ, कोरडी, जीभेवर काही थांबतच नाही अशी, आणि मला करायचा होता थंडीत पिण्यासारखा जाडसर पोर्टर, म्हणजे गडद रंगाची बिअर.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. गोणी आदल्या रात्री घरात आणतो. आणि आधण पाहिजे त्यापेक्षा चार-पाच अंश जास्त गरम करून कूलरमध्ये ओततो, झाकण लावून दहा मिनिटं थांबतो, कूलरला जेवढी उष्णता प्यायची तेवढी पिऊ देतो, पाणी उतरून बरोब्बर ७३.४ वर आलं की मग धान्य वैरायला घेतो. असं केलं की वरचं गणित अगदी जसंच्या तसं लागू पडतं. शेजारी किटलीत दोन लिटर पाणी उकळत ठेवायचंच. मॅश ६४ ला अडकला आणि ६७ ला न्यायचा असेल तर वर सांगितलेल्या मापाला साधारण दीड लिटर उकळतं पाणी लागतं, थोडं थोडं घालत ढवळायचं. उलट झालं, जास्त गरम लागलं, तर आधी गार पाण्याचा एखादा ग्लास, आणि घाई करायची ती ह्याच बाजूला, कारण थंड मॅश नंतरही गरम करता येतो पण मेलेली एन्झाइम्स परत येत नाहीत.

धान्य वैरताना एकदम उलटी करू नका गोणी. एकाने हळूहळू ओतायचं, दुसऱ्याने लाकडी उलथन्याने तळापासून ढवळायचं, पिठलं करताना बेसन भुरभुरतो तसं, नाहीतर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आतलं पीठ कोरडंच राहतं. माझ्याकडे हे काम मुलगी करते, ती बारा वर्षांची आहे आणि तिला त्या वासासाठी यायचं असतं, गरम माल्टचा वास खरंच सुंदर असतो, ओल्या बिस्किटासारखा, थोडा ताज्या भाकरीसारखा. ढवळून झालं की तीन-चार ठिकाणी तापमान बघायचं, सगळीकडे सारखं आलं की झाकण, गोधडी, आणि तासभर हात लावायचा नाही. सारखं उघडून बघितलं की तेवढी वाफ जाते. पाण्याबद्दल थोडंसं. नळाच्या पाण्यातली क्लोरीन आणि क्लोरामाइन औषधासारखी चव देतात, ७५ लिटरला एक कॅम्पडेन गोळी (क्लोरीन मारणारी सल्फाइटची गोळी) चुरून टाकली की प्रश्न मिटतो. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा, साध्या माल्टने आणि बऱ्यापैकी पाण्याने तो बहुतेक वेळा तिथेच कुठेतरी बसतो, पहिल्या चार-पाच बॅचेसना त्याच्या मागे लागू नका.

तास झाला का, स्टार्च संपला का हे बघायचं असेल तर पांढऱ्या बशीत चमचाभर वर्ट, टरफल न येऊ देता, आणि त्यावर आयोडीनचा थेंब. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, अजून पंधरा मिनिटं. थेंबाचा रंग तसाच तांबूस राहिला तर काम झालंय. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकायचा प्रयोग आठवतो ना, तोच. बशीतलं मात्र फेकून द्या, परत आत ओतू नका.

आता गाळायचं. व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडायचा, पहिल्यांदा गढूळ येतं, पीठ आणि टरफलाचे तुकडे घेऊन. ते लिटरभर मगात घेऊन हलक्या हाताने वरून परत आत सोडायचं, दोनदा, तीनदा, जोपर्यंत निवळ येत नाही तोपर्यंत. जर्मन लोक ह्याला फोरलाउफ म्हणतात. हे होत असताना खाली जाळीवर टरफलं रचली जातात आणि गाळणीचा थर तयार होतो, म्हणून घाई केली, पहिल्याच झटक्यात व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, तर सगळं पीठ एकदम खाली खेचलं जाऊन थर तुंबतो. तुंबलंच तर घाबरायचं नाही, व्हॉल्व्ह बंद, थोडं गरम पाणी, नीट ढवळून दहा मिनिटं बसू द्या आणि पुन्हा निवळ काढायला सुरुवात.

पहिलं पाणी निघून गेल्यावर चोथ्यात बरीच साखर चिकटून राहिलेली असते, एक किलो धान्य साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं. साडेतेरा लिटर घातलं, साडेचार धान्याने धरलं, अर्धा लिटर तळाशी राहिलं, हातात आलं साडेआठ. उकळायला आपल्याला हवं असतं २६, म्हणजे साडेसतरा लिटर अजून, आणि ते चोथा धुऊन मिळवायचं. ह्याला स्पार्ज म्हणतात. मोठे कारखाने वरून पाण्याचा शिडकावा करत खालून तेवढंच काढत राहतात, तासभर चालतं ते, आणि त्याला तळभर पसरलेली गाळणी लागते, एका जाळीने पाणी एकाच वाटेने निघून जातं आणि बाकीचा चोथा धुतलाच जात नाही. घरी आपण बॅच स्पार्ज करायचं, आई नारळाचं दूध काढते तसं. पहिलं घट्ट दूध काढलं, मग त्याच चोथ्यात गरम पाणी घालून पुन्हा पिळलं. इथे पिळायचं नाही, साडेसतरा लिटर पाणी ओतायचं, सगळं नीट ढवळायचं, दहा मिनिटं बसू द्यायचं, परत गढूळ ते वर टाकून निवळ काढायची. पाणी ७७ अंशाच्या वर चोथ्याला लागता कामा नये, जास्त गरम आणि जास्त धुतलं तर टरफलातला तुरटपणा उतरतो, खूप वेळ उकळलेल्या चहाला येतो तसा, आणि तो बिअरमधून नंतर काढता येत नाही.

दोन्ही पाणी एकत्र करून थोडं गार करून हायड्रोमीटर घाला, वर्ट पाण्यापेक्षा किती पट दाट आहे, म्हणजे त्यात साखर किती, हे दाखवणारी तरंगती काचेची नळी ती. साडेचार किलो साध्या पेल माल्टमधून पहिल्या खेपेला, जेवढी साखर निघू शकते तिच्यातली ७२ टक्क्यांच्या आसपास हाती आली तर २६ लिटरला आकडा साधारण १.०३८ दिसेल, आणि उकळून १९ लिटरपर्यंत आटलं की १.०५३ च्या जवळ. कमी आला तर निराश होऊ नका, आधी भरड बघा. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा गडबड भरडीतच असते, दाणे अख्खेच राहिलेले असतात आणि पाणी आतपर्यंत पोचतच नाही.

ज्यांच्याकडे गॅरेज नाही, लहान फ्लॅट आहे, त्यांनी कूलरच्या जोडकामात पडूच नये असं मी सांगेन. ऑस्ट्रेलियातल्या होमब्रूअर्सनी ब्रू इन अ बॅग नावाची पद्धत आणली, उकळायच्याच मोठ्या पातेल्यात जाळीदार कापडाची पिशवी, पिशवीत धान्य, तास झाला की पिशवी उचलून निथळत ठेवायची. चक्क्याची पुरचुंडी बांधून टांगतात तशी. पातेलं गोधडीत गुंडाळलं की तोच मॅश टन. फक्त पाच किलो धान्य भिजून जवळजवळ दहा किलो होतं आणि ते गरम असतं, एकट्याने उचलू नका, वर हुक आणि दोरी बांधा.

राहता राहिली साफसफाई, आणि ती त्याच दिवशी. ओला चोथा रात्रभर कूलरमध्ये राहिला तर सकाळी झाकण उघडवत नाही. आमच्याकडे बराचसा चोथा कंपोस्टला जातो, आणि दोन वाट्या मी ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये मंद आचेवर कडक वाळवतो, मग बायको तो ग्राइंडरला बारीक दळून थालीपिठाच्या भाजणीत घालते, चार वाट्या भाजणीला अर्धी वाटी, त्याहून जास्त घातला तर टरफल दाताखाली येतं. व्हॉल्व्ह दर तीन-चार बॅचनंतर पूर्ण उघडून आतून घासायचा, त्याच्या पोटात वर्ट साठतं आणि ते बाहेरून दिसत नाही. जाळी उलटी धरून नळाखाली झटकायची. कूलर साबणाशिवाय गरम पाण्याने धुऊन, कापडाने पुसून, झाकण उघडं ठेवून पालथा घालायचा, पूर्ण कोरडा झाला की मगच झाकण लावायचं.